शिळं पाणी

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हळहळतो. मला त्याची हळहळ नको असते. चार-पाच दिवसांआड का होईना, पाणी येतं. आणि येतं तेव्हा घरात जे जे पोकळ आहे ते सगळं मी भरून घेते. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा. गल्लीत सगळ्यांत आधी पाणी कमरुन्निसाच्या नळाला येतं, कारण तिचं घर उताराला आहे. ती ताट बडवत ओरडते, "यशोदा, पानी आया गे!" आणि मी हातातलं टाकून पळते. आधी उरलेलं शिळं पाणी मोरीत ओतायचं, मग ताजं भरायचं. ही शिस्त सासूबाईंनी मला लावली आणि मी माझ्या श्रावणीला लावली. लावताना दोन-चार धपाटेही घातले, ते काही वाया गेले नाहीत.

ही श्रावणी हवामानाच्या नोंदी घ्यायला वर्षभरासाठी अंटार्क्टिकाला गेली. जाताना मी तिच्या सामानात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबली. लोकरीचे मोजे सरकार देणार होतं, पण चटणी कोण देणार? पाण्याची शिस्त मात्र तिने स्वतःच बरोबर नेली, हे मला नंतर कळलं.

तिकडे त्यांच्या केंद्रात पंचवीसेक माणसं. जवळच एक गोड्या पाण्याचं तळं आहे, त्यातून गरम ठेवलेल्या पाइपातून पाणी ओढून आणतात. नळ केव्हाही सोडा, पाणी हजर. आता अशा ठिकाणी शहाण्या माणसाने बादल्या भरून ठेवायचं काही कारण नाही. पण माझ्या लेकीने वाहता नळ पाहिला आणि तिचा हात आपोआप बादलीकडे गेला. महिनाभरात तिच्या खाटेखाली बादल्यांची रांग लागली. स्वयंपाकघरातले रिकामे डबे, तेलाचे कॅन, सगळं भरून, वर झाकण ठेवून. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण चार दिवस झाले की बाई सगळं शिळं पाणी ओतून द्यायची आणि ताजं भरायची!

तिथे पाणी ओढायला डिझेल जळतं आणि सांडपाणीही शुद्ध केल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. प्रमुखांनी तिला बोलावून चांगलंच झापलं. त्यात जनरेटर सांभाळणारा एक मेकॅनिक होता, कोल्हापूरचा सुबोध. त्याने तिचं नाव ठेवलं बादलीबाई, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "आई, जेवायला बसलं की सगळी म्हणतात, बादलीबाईला पाणी वाढा. परत पाठवतील का गं मला?"

माझं डोकं फिरलं. "त्या कोल्हापूरवाल्याला सांग, पंचगंगेत पाय सोडून बसणाऱ्यानं आमाला शिकवू नये. आन् तू पण येड्यावानी करू नकोस. ओतून कशाला देतीस?"

"शिळं हाय की ते."

"असू दे शिळं. त्या थंडीत त्याला काय होतंय? भरलेलं तसंच ठेव, ओतू नको. भरलेली बादली कुणाचं काय खाती?"

तिने ऐकलं. ओतणं बंद केलं, बादल्या तशाच राहिल्या. प्रमुखांनीही मग दुर्लक्ष केलं. सुबोधने मात्र नाव काही सोडलं नाही.

मग तिकडचा हिवाळा आला. सूर्य उगवत नाही, जहाज येत नाही, विमान येत नाही, जे काय करायचं ते आपलं आपण. एकदा वादळ सुरू असताना जनरेटर फार तापला. तो बंद पडला तर केंद्रातली ऊब जाणार, म्हणून सुबोध घाईला आला. त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतलं उकळतं पाणी उसळून त्याच्या दोन्ही हातांवर आलं.

श्रावणीने दुसऱ्या दिवशी फोनवर मला हे सगळं सांगितलं. डॉक्टर धावत आले, म्हणाले, आधी हातांवर गार पाणी, आणि धार थांबवायची नाही. कुणीतरी नळ सोडला. नळ कोरडा. वादळात पाइप गोठला होता. एक जण दार उघडून बर्फ आणायला निघाला, तर डॉक्टर त्याच्यावर ओरडले, भाजलेल्या कातडीवर बर्फ लावला तर हात जातील. चहूकडे नजर पोहोचेल तिथवर बर्फ, आणि हातांवर घालायला तांब्याभर पाणी नाही!

तेव्हा माझी लेक खाटेखाली शिरली.

ती मगाने धार धरून बसली. एक बादली संपली की मागून दुसरी पुढे यायची, घरी पाण्याच्या दिवशी आम्ही मोरीपासून पिंपापर्यंत उभे राहतो तशीच माणसं उभी केली होती तिने. बादल्या झाल्या, डबे झाले, तेलाचे कॅन झाले. डॉक्टर "आता बस" म्हणेपर्यंत धार तुटली नाही.

फोन ठेवल्यावर मी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. इतकी वर्षं त्या नळाला मी शिव्या घातल्या असतील. त्या दिवशी मी त्याला हात जोडले, आणि कुणी पाहिलं असतं तरी मला लाज वाटली नसती.

पण हात वाचले की नाही, हे अजून ठरायचं होतं. कातडी भरून येईल, डॉक्टर म्हणाले, पण बोटं आखडली तर मूठ वळणार नाही. मेकॅनिकची मूठ वळली नाही तर त्याने पाना कशाने धरायचा? ज्याच्यावर मी महिनोन्‌महिने दात खाल्ले, त्याच माणसासाठी मी सिद्धेश्वराला नारळ बोलले. श्रावणीचा फोन आला की आधी विचारायची, "हात कसे हायत त्याचे?"

"आई, मी पण हाय हितं. माझं पण इचार की."

"तुझं दिसतंय मला. हात सांग."

डॉक्टर त्याला रोज कणकेचा गोळा दाबायला देत. डावी मूठ वळू लागली. उजवी अर्धीच वळायची. मोहीम संपली, सगळे परतले, श्रावणी पुण्याला कामावर रुजू झाली, आणि सुबोध उजव्या हातासाठी इस्पितळात दाखल झाला. पुढे काही कळेना.

गेल्या महिन्यात श्रावणीचा फोन आला. "सुबोध येतोय तुला भेटायला. उजव्या हाताचं मी लई इचारलं, तर म्हनाला, काकूंनाच दाखवतो."

तो आला सकाळी, आणि नेमका पाण्याच्या दिवशी. उंच, लाजरा पोरगा. मी मनात रंगवलेला टवाळ माणूस कुठेच दिसेना. डाव्या खांद्याला पिशवी, पिशवीत गुळाची ढेप आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात. माझी नजर त्या खिशावरून हलेना.

"बसा की," मी म्हटलं. "प्रवास बरा झाला का?"

"व्हय काकू. तुमाला एक दाखवायचं..."

तेवढ्यात बाहेर ताट बडवलं गेलं. "यशोदा, पानी आया गे!"

काय करणार? पाव्हणा बसला आणि मी पळाले. नळ सोडला, पिंपात पाइप टाकला आणि उरलेल्या पाण्याची कळशी मोरीत उपडी करायला उचलली.

"काकू, थांबा!" तो मागोमाग आला होता. "ओतू नका."

"शिळं हाय ते."

"म्हनूनच म्हंतोय. माझ्या ओंजळीत घाला."

त्याने दोन्ही हात पुढे केले. उजवा मनगटापर्यंत गुलाबी, चकचकीत, नव्या कातडीचा. त्याने हात जवळ आणले. डावी बोटं चटकन वळली. उजवी सावकाश वळली, एक, मग दुसरं, आणि शेवटी करंगळीसुद्धा डाव्या हाताला जाऊन चिकटली.

मी कळशी कलती केली. ओंजळ काठोकाठ भरली. तो तसाच धरून उभा राहिला, मला नीट दिसावं म्हणून, आणि खाली एक थेंबही गळला नाही. मग त्याने ते पाणी पिऊन टाकलं.

"माझ्या हातावर पडलं ते बी शिळंच हुतं," तो म्हणाला. "पोरीला ओतू नको म्हनून तुमी सांगितलासा, म्हनून उरलं. मी तिला नाव ठेवलं आन् तिनं माझं हात राखलं. पुढच्या मोहिमेला परत जनरेटरवर घेतलंय मला, काकू. तेवढं सांगायला आलो."

मी त्याचे ते दोन्ही ओले हात माझ्या हातांत घेतले आणि रडत सुटले, अगदी नाक ओढत. तोही रडत होता. उजव्या हाताची पकड घट्ट होती, चांगली दुखेल इतकी घट्ट.

"यशोदा!" दारातून कमरुन्निसा ओरडत होती. "अगे पानी भैके गल्ली में आरा, नल बंद कर गे!"

पिंप कधीच भरून वाहायला लागलं होतं. या घरात आल्यापासून मी पाणी असं वाहू दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.