भेटीचं रडणं

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या ईस्टरला रुपाबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून निघाली, तशी तिची सासू मोतीबाई काठी घेऊन मागोमाग निघाली. सुनेला अडवायला नाही. अडवून झालं होतं, भांडून झालं होतं, जेवणावर राग काढूनही झाला होता. आता तिला एवढंच पाहायचं होतं, की केनवडची ही ख्रिस्ती माणसं सुनेच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्या उतरवतात की अंगावरचा आरशांचा घागरा. कशालाही हात लागला असता तर काठी तयार होती.

"म्या दारातूनच पाहीन," मोतीबाईनं बजावलं. "आत पाय टाकनार नाही."

"बरं, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि रुपाबाई सासूलाही तेच म्हणायची.

"अन् तू अशी पळून काहून राह्यली? घर पेटलं का कोनाचं?"

रुपाबाई खरंच पळत होती. पायातले वाळे असे वाजत होते की रस्त्याकडेची ढोरं माना वर करून पाहत होती. आनंदानं पळत होती की भीतीनं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. 

आज मंडळीत, म्हणजे केनवडच्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत, तिची परीक्षा होती. केनवडला बाप्तिस्मा वर्षातून एकदाच, ईस्टरला मिळायचा, आणि त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहावं लागायचं. प्रभूची प्रार्थना म्हणायची, दहा आज्ञा म्हणायच्या, आणि मग साक्ष द्यायची. म्हणजे येशू आपल्याला कसा भेटला ते आपल्या तोंडानं सांगायचं. मंडळीचे वडीलधारे पुढारी उकंडराव पागोटं सावरत सगळं ऐकून घ्यायचे. त्यांची मान उभी हलली तर त्याच दिवशी नदीवर बाप्तिस्मा, आडवी हलली तर पुढच्या साली. रुपाबाईपाशी पुढचं साल नव्हतं. नवरा गोपीचंद यानं मुकादमाला शब्द दिला होता, आणि दोन दिवसांत सगळं बिऱ्हाड मोगलाईकडे, म्हणजे जुन्या निजामाच्या मुलखात, सडकेची खडी फोडायला निघणार होतं. परत कधी यायचं ते मुकादमालाही ठाऊक नव्हतं.

आणि आज्ञा सहावीच्या पुढे सरकत नव्हत्या. जात्यावर म्हणून पाहिल्या, सरपण तोडताना म्हणून पाहिल्या. सहावी झाली की सगळं कोरं. साक्षीचं तर नावच नको. बाप्यांसमोर उभं राहून, तांड्याच्या बोलीत नव्हे तर मराठीत बोलायचं, या नुसत्या विचारानं तिच्या जिभेची लाकडी फळी व्हायची.

भेट मात्र झाली होती, त्यात तिळभर शंका नव्हती. आदल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत केनवडच्या बाजारात मंडळीच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बायको सोजरबाई लिंबाखाली बसून गोष्ट सांगत होती. एक मेंढपाळ होता, तो प्रत्येक मेंढराला नावानं ओळखायचा, आणि तो मेंढपाळ म्हणजे येशू. रुपाबाईनं उभ्या उभ्या ऐकलं आणि मिरच्या घेऊन घरी गेली. पुढे काही दिवसांनी सासूशी कडाक्याचं भांडण करून ती एकटीच शेतात कापूस वेचत होती. भर दुपार. रडून डोळे सुजलेले. आणि मागून कोणी तरी हाक मारली, "रूपली."

त्या नावानं तिला फक्त तिचा बाप हाक मारायचा, आणि बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वळून पाहिलं तर नुसता कापूस. पण भीती वाटली नाही. उलट छातीवरचा धोंडा कोणी उचलून बांधावर ठेवावा तसं वाटलं, आणि हाक त्या गोष्टीतल्या मेंढपाळाची, हे ती ओळखून चुकली. मोतीबाईनं भूत लागलं म्हणून मिरच्या ओवाळल्या. सोजरबाईनं काही ओवाळलं नाही. तिनं सतरंजी अंथरली, "बस," म्हणाली, आणि तेव्हापासून रुपाबाई दर रविवारी त्या सतरंजीवर असायची.

तिच्यात काय बदललं ते विचारायचं तर मोतीबाईलाच विचारावं. "आता शिवीच देत नाही," ती शेजारणीपाशी कुरकुरायची. "म्या इकडून बोलू बोलू थकते, अन् ते निसती हासते. भांडनाची सारी मजा गेली." शेजारच्या घरात बाई तापानं पडली तेव्हा हीच रुपाबाई, जिचं त्या घराशी वैर होतं, रोज तिथं भाकर नेऊन देत होती. तेही मोतीबाईला मुळीच रुचलं नव्हतं.

मंडळी भरली होती. कौलारू लांबट खोली, शेणानं सारवलेली जमीन, ढोलकी आणि टाळ. लहानथोर नवे कपडे घालून बसले होते, आणि गाणी अशी चढली होती की कौलांवरची कबुतरं उडाली. रुपाबाईच्या अंगात सळसळ झाली. मोतीबाई उंबऱ्याबाहेर काठीवर हनुवटी टेकून बसली.

पाळक बबनराव उभे राहिले. "आधी आजच्या दिवसाची गोष्ट वाचतो. मग रुपाबाईची साक्ष."

ही गोष्ट रुपाबाईनं कधी ऐकली नव्हती. मागच्या ईस्टरला ती मंडळीत येतही नव्हती. येशूला मारलं, पुरलं आणि तो उठला, एवढं तिला माहीत होतं. कसा उठला आणि आधी कोणाला दिसला, ते माहीत नव्हतं. ती सहावी आज्ञा मनात घोळवत अर्ध्या कानानं ऐकत होती.

बबनराव वाचत गेले. पहाटेची वेळ. एक बाई एकटीच कबरेपाशी रडत उभी. मागे कोणी तरी येऊन उभं राहिलं. तिला वाटलं, बागेचा माळी असेल. त्यानं ना चमत्कार दाखवला, ना उपदेश केला. त्यानं फक्त तिचं नाव घेतलं, आणि तिनं वळून ओळखलं, हा येशूच.

रुपाबाईनं झटकन वर पाहिलं. असंच. अगदी असंच झालं होतं. आपल्या आधीही एका रडणाऱ्या बाईला त्यानं मागून हाक मारली होती, आणि ती खरी होती, इथं छापलेली होती. मग कापसातली हाकही खरी. आज्ञा, परीक्षा, उकंडराव, सगळं तिच्या डोक्यातून पार निघून गेलं. ती उभी राहिली, ओढणी तोंडावर ओढली, आणि गळा मोकळा सोडून सुरात रडू लागली.

आता तांड्याची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही त्या मंडळीसारखेच फसाल. फार दिवसांनी आपलं माणूस भेटलं की तांड्यावरच्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात, आणि ताटातुटीपासूनचं सगळं त्या रडण्यातच सांगतात. हे दुःख नव्हे. हा मान आहे, भेटीचा आनंद आहे. पण हे रडणं एकटीनं पुरं होत नाही. एकीनं सुरू केलं की दुसरीनं तिच्या गळ्यात हात टाकून सुरातच विचारावं लागतं, कोण आलं, कधी आलं. कोणी विचारलंच नाही तर भेटलेला माणूस बेवारशी ठरतो. रुपाबाईनं रीतीप्रमाणे सुरू केलं. मंडळीत ही रीत चालत नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

खोलीत एकच धांदल उडाली. कोणी पाणी आणायला धावलं. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीखाली सरकवली.

"कोन वारलं हिच्या घरचं?" उकंडरावांनी विचारलं.

सोजरबाई पाठीवर हात फिरवत "उगी, उगी" म्हणू लागली. मायाळू बाई, पण करू नये तेच करत होती. रुपाबाईला गप्प व्हायचं नव्हतं, तिला कोणी तरी विचारायला हवं होतं. ती थांबता थांबेना.

उकंडरावांनी हात वर केला. "आज मंडळीच्या आनंदाचा दिस आहे, बाई. आज रडनं शोभत नाही. हिले बाहेर न्या, सावलीत बसवा. साक्ष पुढच्या साली पाहू."

रुपाबाईनं ते ऐकलं आणि तिचा सूर तुटला. सगळं हातचं गेलं. त्याहून वाईट म्हणजे तो भेटला होता आणि त्याच्याच घरात त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात दाराशी काठी पडल्याचा आवाज झाला. माणसं बाजूला झाली. तंबाखूचा वास आला आणि दोन हाडकुळे हात तिच्या गळ्यात पडले. त्या म्हाताऱ्या हातांतल्या बांगड्या तिच्या पाठीवर वाजल्या.

"कोन आलं वं लेकी," मोतीबाईनं सुरात विचारलं, "कोन आलं तुया भेटीले?"

"माह्या बापानं ठेवल्या नावानं हाक मारनारा आला वं याडी," रुपाबाईनं पुन्हा सूर धरला.

"कधी आला वं लेकी, कोठी भेटला?"

"कापसात भेटला वं याडी. तुयाशी भांडून रडत होती, तवा भेटला. मागून आला. रूपली म्हने. त्या कबरेपाशी रडनाऱ्या बाईले भेटला तसाच मले भेटला."

मोतीबाई विचारत गेली आणि रुपाबाई सांगत गेली. मराठीत, बाप्यांसमोर, जीभ एकदाही न अडखळता. भांडण सांगितलं, हाक सांगितली, छातीवरचा धोंडा सांगितला, वैऱ्याच्या घरी भाकर नेताना पाय कसे जड झाले आणि येताना कसे हलके झाले तेही सांगितलं. सोजरबाई रुपाबाईच्या ओढणीचं टोक धरून रडत होती आणि हसतही होती. 

रीतीप्रमाणे पुरं झाल्यावर दोघींनी नाकं पुसली. उकंडराव अजून उभेच होते.

"हे काय होतं, बाई?" त्यांनी मोतीबाईला विचारलं.

"भेटीचं रडनं, पाटील. आमच्यात हे खोटं रडत नाहीत. आपलं मानूस भेटल्याबिगर गळ्यातून निंगतच नाही."

उकंडरावांनी पागोटं सावरलं. मग म्हणाले, "लई साक्षी ऐकल्या म्या." आणि त्यांची मान उभी हलली.

"पन आज्ञा, जी?" रुपाबाई घाबरत म्हणाली. "मले सहापर्यंतच येतात."

"बाकीच्या नदीच्या वाटेनं शिकवतो. चाला."

अख्खी मंडळी हसली. ढोलकी पुन्हा वर आली, गाणं सुरू झालं आणि माणसं गात गात बाहेर पडली. रुपाबाई उंबऱ्यापाशी आली, आणि सासू मागे नाही म्हणून वळली. मोतीबाई खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसली होती. काठी दारातच पडलेली होती.

"याडी, चाल ना. नदीवर जायचं आहे."

"थांब जरासी." मोतीबाई जमिनीकडे पाहत बोलली. "गळ्यात पडून विचारलं म्या, अन् ज्याच्यासाठी विचारलं तो मले काही भेटला नाही." तिनं हातातली बांगडी फिरवली. मग लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "माहा बाप मले मोतली म्हने. ते त्याले ठाऊक असंन का वं?"

बाहेर गाणं लांब लांब जात होतं. सकाळपासून पळत असलेली रुपाबाई परत आत आली आणि सासूच्या शेजारी सतरंजीवर बसली.