पायावरची बेचकी

दुपारची सुट्टी झाली की खडीच्या कामावरच्या बाया लिंबाखाली टेकत, आणि टेकल्या टेकल्या पाय मोकळे करत. कुणी पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, कुणाच्या टायरच्या वहाणा. चांगुणा तेवढी निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला घालूनच भाकरी खाई.

"चिकटल्यात का गं पायाला?" शेजारची एकदा म्हणाली. "का नवऱ्यानं आणल्यात म्हनून सोडू वाटंनात?"

बाया हसल्या. चांगुणाही हसली, आणि पाय लुगड्याच्या काठाखाली आणखी आत ओढून घेतले.

चपला खरंच नवऱ्यानं आणल्या होत्या. कर्जत तालुक्यात पावसानं पाठ फिरवली होती. शेतात नुसती ढेकळं, आणि पोटासाठी रस्त्याचं सरकारी काम. तापल्या खडीवर बायकोचे पाय पोळतात हे बघून गहिनीनाथानं दिवाळीच्या सुमाराला राशीनच्या बाजारातून त्या आणल्या, तिच्यापुढं ठेवल्या आणि गुरांकडं निघून गेला. पहिल्यांदा घातल्या तेव्हा तिला वाटलं, आईनंच तळव्याखाली हात धरला.

पांढरं दिसलं ते संक्रांत सरल्यावर. आधी अंगठ्याजवळच्या खाचेत, तिळाएवढं. चुन्याचा ठिपका असेल म्हणून तिनं चोळलं. गेलं नाही. मग ते पायाच्या पाठीवर चढलं, दोन फाटे फुटले आणि बेचकीसारखं दोन्ही अंगांनी खाली उतरलं. दोन्ही पायांवर तसंच. थोडी खाज यायची, पण दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटे. दुखण्याला औषध तरी असतं. ह्याला नुसतं नाव होतं, आणि ते जिभेवर आणायचा तिला धीर होत नव्हता.

कोड.

तिच्या राहीआत्याला होतं ते. ओठांवर, बोटांवर, मानेवर, सांडलेल्या दुधासारखं वाट फुटेल तिकडं गेलेलं. सासरच्यांनी आत्याला बैलगाडीतून आणून वेशीपाशी उतरवलं आणि गाडी वळवली. पुढं आत्या गोठ्यात राहिली. चांगुणाची आई तिची भाकर मातीच्या परळात घालायची आणि परळ काठीनं पुढं सरकवायची. परळ जमिनीवर खरखरत जायचं. ती खरखर आता चांगुणाला खडी फोडताना ऐकू येई, आणि हातातली हातोडी थांबे.

चपलेचा पट्टा बरोबर पांढऱ्यावर बसे. सगळं झाकून जाई. म्हणून तिनं चपला उतरवणंच सोडलं. अंगणात, गोठ्यात, विहिरीवर, पायात चपला. उंबऱ्याशी मात्र काढाव्याच लागत. तिथं ती पायांना राख फासून आत शिरे, नाहीतर सारवणाचं शेण.

"कलेक्टरीनबाई आल्या," सासू साळूबाई म्हणायची. "गोठ्यात बी पायतान! म्हशीला वाटायचं, साहेबच आला धार काढाया."

"काटा मोडलाय, मामी."

"कवाचा त्यो काटा? अजून निघंना व्हय?"

एके दिवशी रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळताना ओवी आपसूक ओठांवर आली.

*चांदनं सांडलं, बाई माझ्या पायावरी*
*पदराचा काठ माझा, झाकू कसा कुठवरी*

"कसलं गं चांदनं?" चुलीपासून साळूबाईनं विचारलं.

जातं जागीच थांबलं. "गान्यातलं हाय, मामी."

"मी बी लई गानी म्हनली. ह्ये न्हाई ऐकलं." साळूबाईनं काटक्या मोडून चुलीत सारल्या. "बरं, ऐक. गुरवारी मिरजगावचे पाव्हने हौसाला बघाया येत्यात. पोराची आई, लंकाबाई, सोता येनार. लई बारीक नजरंची हाय म्हंत्यात. पाय धुवाया पानी तू द्यायचं, पाया तू पडायचं. सुनंवरनं घर जोखत्यात."

हौसा म्हणजे धाकटी नणंद. चांगुणाच्या वेणीत रोज फूल खोचणारी, दुष्काळात कुठून मिळवायची कोण जाणे. आपल्या पायांपायी तिची सोयरीक मोडली तर? ज्या घरात कोड त्या घरची पोर कोण करील? आणि मग गाडी जुंपली जाईल, वेशीपाशी थांबेल, वळेल...

बुधवारी दुपारी घरात कुणी नसताना तिनं उतरंडीमागून बिब्बा काढला. परीट बिब्ब्यानं कपड्यावर खूण घालतो, ती कपडा फाटेपर्यंत जात नाही. पांढऱ्यावर काळं बसलं की झालं. आणि झाडाचंच तर फळ, आजी जखमेला लावायची. तिनं बिब्बा सुईवर टोचला, चुलीवर धरला, आणि फुटलेल्या तेलाची रेघ उजव्या पायाच्या पांढऱ्यावर ओढली. काळी कुळकुळीत बसली. किती दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

दिवस मावळेपर्यंत पाय ठणकायला लागला. सकाळी काळ्या रेघेच्या जागी पाण्यानं टरारलेला फोड होता. डाव्या पायाला हात लावायची तिची छाती झाली नाही. तिनं उजव्या पायाला चिंधी बांधली, डाव्याला शेण फासलं, आणि पाहुण्यांची वाट बघत तांब्या भरून धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली.

पाहुणे यष्टीतून उतरून चालत आले. पुरुष पाय धुऊन ओट्यावर बसले. लंकाबाई मागं राहिली. थोराड बाई, कपाळभर कुंकू. दगडापाशी आली आणि थबकली.

"ऱ्हाऊ दे गं पोरी. मगाशी वढ्याला धुतलेत पाय."

"वढ्याला?" ओट्यावरून साळूबाई हसली. "आमच्या वढ्यात दिवाळीपासनं धुरळा उडतोय, पाव्हनीबाई. धुळीनं धुतले म्हना की!"

पुरुष हसले. लंकाबाई हसली नाही. खाली वाकलेल्या चांगुणाला फक्त तिचे पाय दिसत होते. निळा पट्टा. रबरी चपला.

आता माघार नव्हती. लंकाबाईनं एक पाय चपलेतून काढला, अगदी सावकाश, पाण्यात साप असावा तसा. चांगुणानं पाणी ओतलं. धूळ वाहून गेली आणि खालून पांढरी बेचकी वर आली.

चांगुणाचा हात तसाच राहिला. तांब्या रिकामा होत गेला. लंकाबाईनं झटकन लुगडं खाली ओढलं, आणि दोघींची नजर एक झाली. इतकी भ्यालेली नजर चांगुणानं फक्त स्वतःचीच बघितली होती, परातीतल्या पाण्यात.

"कुनाला बोलू नगं," लंकाबाई पुटपुटली. "तुझ्या पाया पडते."

"किती पानी घालतीस गं?" साळूबाई ओट्यावरून उतरत होती. "हीर आटली, तू पाव्हन्यांस्नी आंघूळ घालतीस का?" आणि मग ती थांबली. ओघळानं चांगुणाच्या डाव्या पायाचं शेण धुऊन नेलं होतं. उजव्याची चिंधी सुटली होती. "ह्ये काय? चांगुने, ह्ये काय गं पायाला? को..."

शब्द अर्धाच राहिला. चांगुणाला परळाची खरखर ऐकू आली, इतकी जवळून की तिनं कान झाकले.

लंकाबाईला चपलेत पाय घालून गप राहता आलं असतं. तिनं दुसराही पाय बाहेर काढला आणि चांगुणाच्या पायाशेजारी दगडावर ठेवला.

"मग माजं बी बघा."

चार पाय. चार बेचक्या, एक फोडानं टरारलेली, पण एकाच साच्यातल्या. चांगुणानं बघितलं, आणि तिला आत्याचे ओठ आठवले, बोटं आठवली. ते असं रेघेवर चालत नव्हतं.

"मावशी, ह्या चपला कवापासनं?"

"दसऱ्यापासनं. लेकानं घेतल्या."

"मामी," चांगुणा म्हणाली, "पट्टा ठिवून बघा. जितं पट्टा, तितंच हाय. दुसरीकडं कुटंच न्हाई. ह्ये कोड न्हाई, मामी. ह्यो पट्टा हाय."

साळूबाई गुडघ्यावर बसली. लंकाबाईची चप्पल उचलून सुनेच्या डाव्या पायावर नुसती धरली. पट्टा पांढऱ्यावर बरोबर बसला, भांड्यावर झाकण बसावं तसा. मग तिनं उजव्या पायावरचा फोड बघितला, आणि तिचे डोळे भरले.

"बिब्बा लावलास? आगं येडे, पाय सडला असता की."

"भ्याले, मामी."

"मला भ्यालीस व्हय?" साळूबाईनं पदराच्या टोकानं फोडाभोवतीचा चिखल पुसला.

सोयरीक जमली. लंकाबाई जाताना अनवाणी गेली. चांगुणाच्या चपला साळूबाईनं उकिरड्यात पुरल्या. गहिनीनाथ बराच वेळ उकिरड्याकडं बघत उभा होता, आणि पुढच्या बाजारी त्यानं कातड्याच्या वहाणा आणल्या.

पांढरं मात्र गेलं नाही. पट्ट्याचंच असेल तर वाढायचं नाही. आणि नसेल तर? रोज दळायला बसण्याआधी चांगुणा पांढऱ्याच्या कडेनं काजळाची रेघ ओढी आणि दुसऱ्या दिवशी बघे, पांढरं रेघ ओलांडून गेलं का. साळूबाई शेजारी रॉकेलची चिमणी धरून बसे. तीही वाकून बघे.

"हाय तितंच हाय," ती म्हणे. "दळ आता."