गुंजन उतरेस्तोवर

"मी आंगण झाडलो त काय तिचं इमान खाली पडते का?" भूपेंद्र खेकसला अन् झाडू आपटला. अर्धं आंगण झाडून झालं होतं.

रुख्माबाईनं, त्याच्या मायनं, कपाळावर हात मारला. घरचं माणूस दूरच्या वाटेले लागलं की ते पोचेस्तोवर आंगण झाडायचं नाही, ही रीत. त्याची बहीण गुंजन पहाटेच इमानानं दिल्लीहून कॅनडात टोरंटोले उडाली होती, नर्सच्या नोकरीवर. साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा-पंधरा तास. अन् नेमकी आजच गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाव्हणे येतील, आंगणातलं तणस अन् फटाक्यांचे कागद पाहून काय म्हणतील, यावरून मायलेकात सकाळपासून जुंपली होती. दहावीतूनच शाळा सोडलेलं पोरगं, राग नाकावर. कोणाचं ऐकंल त शपथ.

माय चुलीपाशी गेली अन् भज्यांचं पीठ कालवाले लागली. शिव्या दिल्या असत्या त परवडलं असतं.

मग त्यानं मोबाईलवर बहिणीचं इमान पाहिलं अन् मोबाईल फिरवून फिरवून पुन्हा पाहिला. टोरंटो नकाशात पार डाव्या हाताले. इमान मात्र सरळ वर, उत्तरेले चाललं होतं. आपण झाडलं म्हणून वाट चुकली का? हट्, असं कुठं राहते. तरी त्यानं इकडंतिकडं पाहिलं, उकिरड्यावरचा केर टोपल्यात भरला अन् आंगणात पसरवाले लागला. कागद कुठं होते, तणस कुठं होतं, सारं त्याले बरोबर आठवत होतं.

शेजारची चंचल, नववीतली, कुंपणावरून पाहत होती. "भूपेंद्रदादा, केर पेरून राहिला का?"

तो तिच्या अंगावर धावला, पण शेवटी इमान वर कशाले चाललं ते विचारत मोबाईल तिच्याच हाती दिला. तिनं नकाशा पाहिला, घरून पृथ्वीसारखा गोल कोहळा आणला अन् त्यावर कोळशानं दोन ठिपके काढले. एक दिल्ली, एक टोरंटो. सुतळी आधी कोहळ्याच्या कडेकडेनं धरली, मग डोक्यावरून ताणली. डोक्यावरून चार बोटं कमी लागली.

"वरूनच जवळ पडते," ती म्हणाली. "गुंजनबाई बरोबर चालली आहे."

भूपेंद्रनं स्वतः दोनदा मोजून पाहिलं. मग केर पसरणं पुरं केलं, आता कशाले ते त्याले सांगता आलं नसतं. मायनं दारातून पाहिलं अन् त्याच्यापुढं गरम भजे आणून ठेवले.

पाव्हणे आले, केर तुडवतच आले. बकाराममामानं कारण ऐकलं अन् खाट त्या केरातच ओढली. दिवसभर जो येई तो आधी इमान कुठवर गेलं ते विचारी, अन् भूपेंद्र काही मोबाईल सोडेना.

दिवस बुडता बुडता फोन आला. उतरली. मायनं जेवली का एवढंच विचारलं अन् पदर तोंडाले लावला. गुंजननं भावाले मागितलं. मंडईत यंदा काय काय आलं, तिले ऐकायचं होतं.

"पाहिलोच कुठं?" तो चप्पल शोधत म्हणाला. "पाहून सांगतो. दुकानं उठून राहिली, मले आता जा लागते."