वाळ्याच्या पडद्यांचं पाणी

“तोंड उघड,” म्हणत तोताराम फोरमननं चारचौघांसमोर उखर्डूच्या तोंडाशी नाक नेलं. “गोडसर वास येतोय. मोहाची दिसते.”

उखर्डू कारखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली बसला होता. पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती. “मी पेयेल नही,” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता आणि तेही मेलं दारुड्यासारखंच ऐकू येत होतं. मुंबई राज्यात दारूबंदी होती. धुळ्यात प्यालेला माणूस सापडला की थेट कोठडीत जाई.

या कारखान्यात ऑइल इंजिनं दुरुस्त होत. त्यांचे ग्रीसनं माखलेले भाग धुवायचं काम उखर्डूकडं होतं; त्यासाठी ट्राय नावाचं औषध होतं, पाण्यासारखं पातळ. खोल टाकीच्या तळाशी ते तापवायचं आणि वाफेत भाग सोडायचे, की सगळा चिकटा सुटून लख्ख लोखंड बाहेर येई. पण ही वाफ हवेहून जड. टाकीबाहेर सांडली की जमिनीलगत साचते आणि माणसाचं डोकं फिरवते. ती वरच्यावर थंड होऊन परत खाली गळावी म्हणून टाकीच्या काठाला आतून थंड पाण्याची नळी फिरवलेली होती. वैशाखात विहीर आटली, तेव्हा शेठनी त्या नळीचं पाणी तोडलं आणि ऑफिसातल्या वाळ्याच्या पडद्यांवर सोडलं. शिवाय झळा आत येतात म्हणून शेडची दारंखिडक्याही लावून घेतल्या. शेठच्या डोक्याला गारवा हवा होता, उखर्डूचं डोकं गेलं चुलीत!

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको मंदाबाई फाटकातच थबकली होती. तिचा बाप शिंदखेड्याला दारू पिऊन नाल्यात पडून मेला होता. ती पुढं आली, नवऱ्याजवळ वाकली आणि तिलाही तो गोडसर वास आला.

“तुम्ही बी?” ती म्हणाली. “मना बापना मायक?”

फोरमनचं बोलणं उखर्डूनं गिळलं होतं. हे त्याला गिळवेना.

“हे बघ,” तोतारामनं आवाज खाली आणला, “सगळ्यांसमोर कबूल कर, प्यालो होतो म्हण. पोलिसांना बोलावत नाही, नोकरीही राहील. टाकीचं नाव मात्र काढायचं नाही.”

एरवी ‘भाऊ’ म्हटल्याशिवाय उखर्डू त्याच्याशी बोलत नसे. आता तो झाडाला धरून उठला. “त्या नळीनं पानी कोन्ही तोडं, ते सांग पहिले!”

“कोनती टाकी?” मंदाबाईनं विचारलं. “माले दखाडा.”

“बायकांचं काम नाही तिथं,” तोताराम आडवा आला. त्याला बाजूला सारून ती शेडमध्ये शिरली. बंद शेडमध्ये तोच गोड वास घशात बसला. टाकीशी जाऊन ती वाकली, आणि डोकं हलकं होता होता पायाखालची फरशीच कलली. उखर्डू भिंतीला धरत आत धावला आणि तिला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन आला.

ती झाडाखाली ओकली. मग पदरानं तोंड पुसून तशीच झोकांड्या खात तोतारामपुढं उभी राहिली. तिचे शब्द एकमेकांत अडखळत होते.

“ले, भाऊ. मना बी तोंडना वास ले!”

तोताराम मागं सरला. भोवतालचे कामगार खाली बघू लागले. त्यांतला एकही हरामखोर तोंड उघडेना, आणि त्या सगळ्यांनी ती वाफ नाकात घेतलेली होती.

“उद्यापासून येऊ नकोस,” तोताराम उखर्डूला म्हणाला.

दोघं भर उन्हात आग्रा रोडनं निघाले. दोघांचेही पाय वाकडेतिकडे पडत होते. दुकानांतून माणसं हसत बाहेर आली. “वा रे दारूबंदी! जोडीनं!” कुणीतरी ओरडलं. उखर्डूला बायकोची लाज राखायची होती, म्हणून तो हात सोडवू लागला.

मंदाबाईनं तो घट्ट धरला. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

“चाला,” ती म्हणाली, आणि रस्त्याच्या मधून चालू लागली.