दुर्बिणीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी, हातभर लांबीची दुर्बीण आहे. कारखान्यात माझ्या नळीत भिंगे बसवली, तिपाईवर उभे केले आणि जग दाखवायला पाठवले. जग काही माझ्या वाट्याला आले नाही. परसातून दिसणारा चंद्र तेवढा आला.

मला विकत आणले ते एका घरातल्या आत्याने. ती इमारतींचे नकाशे काढायची. बारीक रेघांवर तिचे पोट होते. संध्याकाळी ती डावा डोळा गच्च मिटून उजवा मला लावायची. पौर्णिमेला मात्र मला बाहेर काढत नसे, कारण तेव्हा चंद्र लाटलेल्या पोळीसारखा सपाट दिसतो. अर्धा असला की उजेड संपतो त्या कडेला खड्ड्यांचे काठ उजळतात आणि डोंगरांच्या लांब सावल्या पडतात. "लहान आहे, पण गुणाची आहे हो!" असे ती म्हणाली, की मला मूठभर मांस चढायचे.

एकदा ऐन खड्ड्यांच्या रांगेवर तिला काळा ठिपका दिसला. नळी हलवली तरी तो आपला मधोमधच! झाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने ओढणीच्या टोकाने माझे भिंग खसाखसा घासले. चरे पडले, ठिपका काही गेला नाही. शेवटी मला भंगारात द्यायचे ठरले.

तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला तिची वहिनी आली. "थांबा ताई, मला तरी बघू द्या," म्हणत तिने डोळा लावला. "कुठंय ठिपका? मला तर नाही बाई दिसत."

"नीट बघा, वहिनी."

"नीटच बघतेय. तुम्ही जरा तो दुसरा डोळा लावा पाहू."

आत्याने प्रथमच डावा डोळा लावला. ठिपका नव्हता. तिने पुन्हा उजवा लावला, तर ठिपका तिथेच! खरे तर मला राग यायला हवा होता, पण मी घाबरले.

"डोळ्याच्या पडद्यावर रक्त साकळलंय," डॉक्टर म्हणाले. "अजून थांबला असतात तर हा डोळा गेलाच असता." उपचार झाले, डोळा वाचला. नकाशेही सुरू झाले.

माझी माफी कोणी मागितली नाही. दुर्बिणीची कोण मागतो? चरे तसेच आहेत, चंद्राची कड जरा धूसर दिसते. मित्रांनो, भिंग घासू नका, धूळ हलकेच झटका. आणि ठिपका दिसलाच, तर आधी आपले डोळे तपासून घ्या. माझे भिंग दुकानात मिळते.