कि. म्हणजे

पंडिताचा प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते, आणि तिच्या आईने मटार सोलता सोलता त्याचा निकाल लावला. तोही चष्मा न पुसता.

आता पंडिता हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोरगी आर्थिक इतिहासात एम.ए. करते म्हटल्यावर आईनेच ते ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक किती अन् टोमणा किती हे काही सांगितलं नव्हतं. "इतिहास समजला, अर्थशास्त्र समजलं," आई म्हणायची, "पण आर्थिक इतिहास म्हणजे गं काय? मेलेल्या माणसांची खरेदी?" पंडिता दर वेळी वीस मिनिटं समजावून सांगायची, आणि आई दर वेळी शेवटी विचारायची, "म्हणजे खरेदीच ना?"

तर प्रबंध. विद्यापीठाच्या तळघरातल्या दफ्तरखान्यात जुन्या बंदरावरच्या गोदामाच्या वह्या होत्या, शंभर वर्षांपूर्वीच्या. कुठल्या दिवशी कुठला माल आला, किती पेट्या, कुठल्या फळीवर ठेवल्या, एवढंच त्यात. या वह्यांवर पंडिताच्या सरांनी बत्तीस वर्षांपूर्वी तीनशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्याचं सार असं, की बंदरात आधी सगळा ठोक माल यायचा. खिळे, दोर, साबण, बाटल्या. मग एका वर्षी नोंदींमध्ये अचानक 'कि.' दिसायला लागतं. कि. म्हणजे किरकोळ. दोन वर्षांत दहातल्या सात नोंदी किरकोळ! म्हणजे बडे व्यापारी मागे पडले, छोटी माणसं पुढे आली, गावाचं नशीबच पालटलं. सरांनी याला 'किरकोळ क्रांती' असं नाव दिलं होतं, आणि विद्यार्थ्यांनी सरांना 'किरकोळ सर'. सरांना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही असावं.

पंडिता सरांची शेवटची विद्यार्थिनी. सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांचे आकडे जिथे थांबले तिथून पुढची दहा वर्षं पंडिताने वह्यांतून उतरवून काढली होती. चौदा हजार सहाशे नोंदी! दोन वर्षं नुसती धूळ, शिंका आणि मानेला पट्टा. प्रबंध मान्य झाला की त्याच दफ्तरखान्यात साहाय्यकाची जागा निघणार होती, आणि सर शिफारस करणार होते. ती जागा पंडिताला इतकी हवी होती, की त्या तळघरातला कुबट वाससुद्धा तिला आताशा आपला वाटायचा.

तिच्या खोलीतलं टेबल पुस्तकांनी गिळलं होतं, म्हणून त्या दिवशी तिने वहीच्या छायाप्रती स्वयंपाकघरात पसरल्या होत्या. आईला मटार सोलायचे होते. तिने दोन पानं बाजूला सारली आणि तिसऱ्यावर तिची नजर अडकली. बस डेपोच्या स्टोअरमध्ये आईने एकतीस वर्षं काढली होती. नट, बोल्ट, ट्यूब, ब्रेकच्या पट्ट्या. आलेल्या मालाचं पान समोर आलं की तिची नजर आपोआप वरून खाली घसरत जायची.

"अगं बाई," आई म्हणाली, "एवढ्या बाटल्या कशाला मागवल्या यांनी?"

"एवढ्या कुठे? बाटल्यांची एकच नोंद आहे. खालचं सगळं किरकोळ."

"किरकोळ कुठंय?"

"हे काय. कि., कि., कि."

आईने एक दाणा तोंडात टाकला. "कित्ता आहे तो."

"काय?"

"कित्ता. म्हणजे वरच्यासारखंच. बाटल्या, कित्ता, कित्ता, कित्ता. तेच तेच कोण लिहीत बसणार? आम्ही स्टोअरमध्ये सगळे असंच लिहायचो. तुमच्या परीक्षा विभागातला तो म्हातारा कारकून नाही का, त्यानेसुद्धा तुझ्या फॉर्मवर लिहिलं होतं. सध्याचा पत्ता अमुक अमुक, कायमचा पत्ता कि."

पंडिता हसली. मग हसायची थांबली. "पण पुढे पुढे 'कि. फु.' येतं, त्याचं काय? सर म्हणतात, किरकोळ-फुटकळ. त्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे!"

"फुटकी," आई म्हणाली. "कित्ता, पण फुटकी आली. बाटली आहे ती, फुटणारच."

पंडिताने पान ओढून घेतलं आणि पुन्हा वरून खाली वाचलं. आईचा आपला मटार चालूच. "खात्री करायची असेल तर पानांच्या पहिल्या ओळी बघ. तिथे कि. सापडायचा नाही. वर काही नसलं तर कित्ता कशाचा? नव्या पानावर कि. लिहिला तर आमचा साहेब फाडून खायचा."

पंडिताने एकूण एक पान बघितलं. चारशे बारा पानं. एकाही पानाची सुरुवात कि.ने नव्हती. शिवाय सरांनी वाचलेल्या जुन्या वह्यांत, ज्या वर्षी क्रांती झाली, नेमक्या त्या वर्षी अक्षर बदललं होतं.

"नवीन माणूस आला असणार," आई म्हणाली. "आधीचा बिचारा सगळं लिहायचा. हा कामचोर."

म्हणजे व्यापारी मागे पडले नव्हते, छोटी माणसं पुढे आली नव्हती, आणि गावाचं नशीब होतं तिथेच होतं. एका आळशी कारकुनाने हाताला विश्रांती दिली होती, बस्स. पंडिता मटाराच्या टरफलांत डोकं खुपसून रडायची तेवढी बाकी राहिली.

गप्प बसलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. प्रबंध पास, शिफारस, नोकरी. बोललं तर प्रबंध बुडणार, आणि त्याच्यासकट सरांचं पुस्तकही. दोन दिवस तिने हेच तोललं आणि तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीवर गेली.

खोलीत खोक्यांचा ढीग पडला होता. सर बाह्या सरसावून पुस्तकं भरत होते आणि मोठ्या खुशीत होते. "ये, ये! तुझ्यासाठी एक वस्तू काढून ठेवलीय," म्हणून त्यांनी पितळी कडीचं भिंग तिच्या हातात ठेवलं. "याच भिंगातून मी पहिला कि. वाचला. आता हे तुझं. मला मूलबाळ नाही, पण माझं काम पुढे नेणारं कुणीतरी आहे, एवढं पुरे."

"थँक्यू सर," एवढंच म्हणून ती भिंग घेऊन घरी आली.

"सांगितलंस?" आईने विचारलं.

"त्यांनी मला भिंग दिलं गं!"

"बरं, मग भिंगातून सांग." आईने गॅस बंद केला आणि तिच्यासमोर येऊन बसली. "हे बघ. स्टोअरमध्ये चूक सापडली की आधी ज्याची त्याला सांगायची. त्याच्या माघारी नाही आणि त्याला वगळूनही नाही. तू गप्प बसशील, आणि उद्या त्या तळघरात रोज त्याच वहीसमोर बसशील. जमेल तुला?"

नाही जमणार, हे पंडिताला तिथल्या तिथे कळलं. आईचा रागही आला, कारण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं. आधी ते हसले, मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"बत्तीस वर्षं!" सर कडाडले. "बत्तीस वर्षं मी या वह्या वाचतोय, आणि आता मला वाचायला कोण शिकवणार? बस डेपोत नट मोजणारी बाई?"

सरांपुढे मान वर न करणारी पंडिता, पण तिचं डोकं फिरलं. "हो, नट मोजणारी. एकतीस वर्षं मोजले, आणि एकही कमी भरला नाही," असं म्हणून तिने भिंग टेबलावर ठेवलं आणि तडक निघून आली. जिन्यात मात्र, गेलं सगळं, असं म्हणत ती पायरीवर बसून रडली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सर! बगलेत पुस्तक, हातात छायाप्रतींची पिशवी, चेहऱ्यावर युद्धाला निघाल्याचा आव. "तुमच्याशी बोलायचंय," ते आईला म्हणाले.

"बसा ना सर. एवढे वाटाणे जरा तिकडे सरकवा."

सरांनी वाटाणे सरकवले आणि तोफ डागली. छोट्या व्यापाऱ्यांचा उदय, बाजारपेठेचा विस्तार, कि. आणि कि. फु. यांतला सूक्ष्म फरक. आईने सगळं मन लावून ऐकलं, दोनदा मानही डोलावली. मग म्हणाली, "सर, तुम्ही एवढे शिकलेले. मला फक्त एक पान दाखवा, ज्याची पहिली ओळ कि. आहे."

"त्यात काय!" म्हणून सरांनी पिशवी उघडली.

नऊ वाजता बसलेले सर बारा वाजेपर्यंत पानं उलटत होते. आधी भराभर, मग सावकाश, मग भिंग लावून. पंडिता खुर्चीच्या कडेवर बसली होती. मनातल्या मनात ती चक्क देवाला विनवत होती की सापडू दे, निदान एक तरी सापडू दे. आपण चुकलो तर किती बरं होईल, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

शेवटचं पान उलटून सरांनी भिंग खाली ठेवलं. "आणि फु.?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"फुटकी, सर," आईने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

सरांनी पुस्तकातलं फु.चं प्रकरण उघडलं आणि परत मिटलं. "फुटक्या बाटल्या," शेवटी ते म्हणाले. "फुटक्या बाटल्यांवर मी परदेशात व्याख्यान दिलंय. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते हो!" आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे कुणीच विचारलं नाही. आईने गुपचूप पाण्याचा पेला पुढे केला.

"काल मी तुम्हाला फार वाईट बोललो," पाणी पिऊन सर म्हणाले.

"मला कुठे? हिला बोललात. हिने मला सगळं सांगितलंय म्हणा."

मग तिघांनी मिळून पेन्सिली घेतल्या आणि एकेका कि.च्या जागी वरचा माल लिहायला सुरुवात केली. तासाभराने पंडिता किंचाळली. खिळे होते तेवढेच, दोर, साबण होते तेवढेच, पण बाटल्या! दोन वर्षांत चाळीस हजार रिकाम्या बाटल्या. इवल्याशा गावाला एवढ्या बाटल्या कशाला? सरांच्या पुस्तकात याबद्दल एक अक्षर नव्हतं. कुणाच्याच पुस्तकात नव्हतं.

"म्हणजे मी पहिल्यांदा विचारलं ते बरोबरच होतं की," आई म्हणाली.

सरांनी त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मार्गदर्शकाने वरची ओळ वाचली नाही.' परीक्षा विभागातल्या म्हाताऱ्या कारकुनाने ते दोनदा वाचलं, चष्म्यावरून सरांकडे बघितलं आणि शिक्का मारला. तीन महिने मिळाले. निरोप समारंभात सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातून एक किरकोळ चूक झाली. तीनशे चाळीस पानांची." सभागृह खो खो हसलं. पंडिताला मात्र हसता हसता भरून आलं.

तीन महिने ती बाटल्यांमागे लागली आणि शेवटी शाईच्या एका विसरल्या गेलेल्या कारखान्यापाशी पोचली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन तास तिचा घाम काढला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता निघून गेले. आवडलं की नाही, काही पत्ता लागू दिला नाही.

निकालाच्या दिवशी परीक्षा विभागाबाहेर ही गर्दी! म्हाताऱ्या कारकुनाने यादी नेहमीप्रमाणे हाताने लिहून फळ्यावर लावली होती. आई आली होती, आणि निवृत्त झालेले सरही, खिशात भिंग घेऊन. पुढे दोन उंच मुलं उभी होती, त्यांच्या डोक्यांमधल्या फटीतून पंडिताला आपलं नाव कसंबसं दिसलं. यादीत दुसरं. त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'कि.'

तिने सरांची बाही ओढली. "सर," ती म्हणाली, "माझ्यापुढे कि. आहे."

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. सर घाबरले नाहीत. बत्तीस वर्षं आणि तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर या अक्षरावर त्यांचा हात धरणारा आता कुणी नव्हता. ते टाचा उंचावून त्या दोन मुलांवर ओरडले, "अहो, डोकी काढा! वर काय लिहिलंय?"

मुलं दचकून बाजूला झाली. वरच्या ओळीत, मिठाच्या व्यापारावर प्रबंध लिहिणाऱ्या कुणाच्या तरी नावासमोर, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'उत्तीर्ण, प्रथम श्रेणी.'

सरांनी खिशातलं भिंग काढून पंडिताच्या हातात दिलं आणि आईकडे वळून, शाळेतल्या मुलाने उत्तर द्यावं तसं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "कित्ता."

"बरोबर," आई म्हणाली.