बद्रीनाथची गाठ

शहाण्णव सालच्या माघात, परतूरच्या मोंढ्यातला मापाडी बद्रीनाथ याला काट्याच्या दोन-दोन सुया दिसू लागल्या, तेव्हा कुठं तो डॉक्टरकडे गेला. डावा डोळा वर्षभरापासून खाली सरकत होता. पण दुखत नाही ना, मग दवाखाना कशाला, असा त्याचा खाक्या. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "भुवईच्या आत गाठ आहे. आठ दिवसांत औरंगाबादला जा."

कसली गाठ, हे या शहाण्यानं विचारलंच नाही. थोरला भाऊ भुजंग गाठीचं निमित्त होऊन तीन महिन्यांत गेला होता. घरी येऊन बद्रीनाथनं बायकोला सांगून टाकलं, "आधी नंदाचं लगीन. मंग माझं डोकं खुशाल फाडा."

"डॉक्टरला इचारा तरी, कशाची गाठ हाय ती," द्वारकाबाई म्हणाली.

"त्यात काय इचारायचं?"

नंदा बारावीत होती, हुशार होती, आणि मास्तरीण व्हायचं तिनं पक्कं ठरवलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली. "बाबा, पेपर तरी होऊ द्या," एवढंच तिनं मागितलं. पण आपल्यामागं पोरीचं कोण बघणार, या धास्तीनं बद्रीनाथच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भोकरदनकडचं स्थळ आलं आणि पंधरा दिवसांत त्यानं लग्न उरकलंसुद्धा. मगच तो औरंगाबादला गेला, सगळी निरवानिरव करून.

भुवईखाली चीर देऊन डॉक्टरांनी गाठ काढली. आठवड्यानं तपासणीचा कागद आला.

"कॅन्सर वगैरे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "कपाळाच्या हाडात पोकळी असते, तिची वाट बंद झाली होती. आत शेंबूड साचून पिशवी फुगली आणि तिनं डोळा ढकलला. आता वाट मोकळी केलीय. डोळा हळूहळू जागेवर येईल."

द्वारकाबाईनं हात जोडले. बद्रीनाथला आधी हसू आलं आणि मग नंदाचं घाईत उरकलेलं लगीन आठवलं.

दुपारी नंदा नवऱ्याबरोबर भेटायला आली. बापाचा हात धरून आनंदानं रडली. "लई भ्याल्ते मी," म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि तेच बद्रीनाथला सोसेना. जावई चहा आणायला खाली गेल्यावर त्यानं धीर केला.

"नंदे, चुकलं माझं. परीक्षेला बसतीस का? मी बोलतो तुझ्या सासऱ्याशी."

नंदानं त्याची उशी सारखी केली.

"माझ्या वर्गातल्या पोरींचा शेवटचा पेपर काल झाला, बाबा."